जहाज आखायचं की चालवायचं? या वाटेला नव्यानं येणाऱ्यांसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन सुरू होतो. ‘मॅडम, मुलाला मर्चंट नेव्हीत घालायचंय. तुम्ही त्यातल्याच ना?’ मी त्यातली नाही. मी जहाजांचे आराखडे करते. नवी मुंबईतल्या ऑफिसातून लोकलनं घरी येते, आणि सलग आठ दिवस समुद्रावर राहिल्याचं मला आठवत नाही. माझा मावसभाऊ मात्र त्यातला आहे. तो सेकंड इंजिनिअर आहे, गणपतीला घरी असला तर दिवाळीला नसतो. नातेवाईकांच्या लेखी आम्ही दोघं ‘जहाजावर’. एवढा एक घोळ मिटला तरी पुढच्या वाटा बऱ्याच सोप्या होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पहिली पायरी: कोण काय करतं ते वेगळं काढा

नेव्हल आर्किटेक्ट जहाज बांधण्याआधी ठरवतो: आकार काय, लांबी-रुंदी किती, पाण्यात किती बुडेल, किती माल घेईल, लाटेवर कलल्यावर परत सरळ होईल की नाही, आणि पत्रा किती जाड हवा. नावात ‘नेव्हल’ असलं तरी नौदलाशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. मालवाहू जहाज, टग (मोठ्या जहाजांना ओढणारी-ढकलणारी दणकट बोट), फेरी, मच्छीमार बोट, काहीही त्याच्या टेबलावर येतं.

मरीन इंजिनिअर इंजिनरूमचा माणूस. मुख्य इंजिन, जनरेटर, बॉयलर, पंप, पाणी गोडं करणारं यंत्र, सांडपाण्याची व्यवस्था, सुकाणू फिरवणारी यंत्रणा, सगळं त्याच्या ताब्यात. जहाज म्हणजे एक तरंगतं गाव धरलं तर महावितरण, पाणीपुरवठा आणि गॅरेज तिन्ही हाच.

तिसरा डेकवरचा. तो नकाशे, दिशा, माल आणि बंदर बघतो आणि पुढे कॅप्टन होतो. इंजिनिअर कॅप्टन होत नाही, चीफ इंजिनिअर होतो. हे मी दर वर्षी निदान दहा आईवडिलांना सांगते. चौथा नौदलातला अधिकारी. त्याची भरती, शिस्त आणि निवृत्तिवेतन सगळंच निराळं. नौदलात इंजिनिअरही असतात (लोणावळ्याची आयएनएस शिवाजी हे त्यांचं प्रशिक्षणाचं ठिकाण) आणि जहाजं आखणारेही.

पूर्वी या भिंती इतक्या पक्क्या नव्हत्या. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजं बांधली. त्यांनी १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिंकोमली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभं आहे. त्याच घरातले अर्देशिर करसेटजी लाकडाच्या बांधणीत वाढले आणि वाफेच्या इंजिनाकडे वळले. १८३४ साली माझगावच्या स्वतःच्या घरात त्यांनी गॅसचे दिवे लावले, मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे ते मुख्य इंजिनिअर झाले, आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेलेले पहिले भारतीय ठरले. माझगावहून जाणाऱ्या लोकलमधल्या किती जणांना हे नाव माहीत असेल कोण जाणे.

दुसरी पायरी: फी भरण्याआधी एक बादली भरा

आईस्क्रीमचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घ्या, बादलीत तरंगत ठेवा. त्यात अर्धा किलो डाळीची पुडी तळाशी ठेवा आणि डबा बोटानं थोडा कलवून सोडा. तो लगेच सरळ होईल. आता डब्यात एक पेला पालथा घाला, तीच पुडी पेल्यावर ठेवा आणि पुन्हा कलवा. वजन तेच, डबा तोच, पण आता तो आळसटल्यासारखा परत येईल किंवा सरळ पालथाच पडेल. का? पुडी वर गेली तसा गुरुत्वमध्य वर गेला.

तिसरा प्रयोग. पेला काढा, पुडी तळाशी ठेवा आणि डब्यात दोन बोटं पाणी ओता. आता कलवलंत की पाणी खालच्या बाजूला धावतं आणि डब्याला आणखी तिकडे ओढतं. अर्धवट भरलेली टाकी जहाजाला धोक्याची का असते, ते वर्गात महिनाभर शिकवतात. बादलीत ते दोन मिनिटांत दिसतं.

स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेचं उदाहरण या धंद्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. जहाज धक्क्याला असतानाच तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवून बघितलं. ते इतकं झुलू लागलं की चाचणी मध्येच थांबवली, आणि तरीही १० ऑगस्ट १६२८ ला ते निघालं. स्टॉकहोमच्या बंदरातच, जेमतेम तेराशे मीटर गेल्यावर वाऱ्याच्या झोतानं कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बुडालं. वरचा भाग जड, तळाशी वजन कमी. म्हणजे तुमची पेल्यावरची पुडी.

हे करताना पोरगं रात्री जेवायला उठत नसेल, डब्याचा आकार बदलून बघू या म्हणत असेल, तर ते आखणीकडे झुकलेलं आहे. ‘हे ठीक आहे, पण मिक्सरची मोटर खोलून दाखव ना’ म्हणत असेल तर इंजिनरूम. ही काही शास्त्रीय चाचणी नाही, पण कोचिंग क्लासच्या ‘ॲप्टिट्यूड टेस्ट’पेक्षा माझा हिच्यावर जास्त भरवसा आहे.

तिसरी पायरी: प्रवेश

दोन्हींसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं.

नेव्हल आर्किटेक्चरची पदवी देणारी ठिकाणं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आयआयटी खरगपूर, तिथे हा विभाग १९५२ पासून आहे. आयआयटी मद्रास. या दोन्हींसाठी जेईई ॲडव्हान्स्ड. कोचीचं विद्यापीठ, म्हणजे कुसॅट, तिथली प्रवेशपरीक्षा वेगळी. आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा विशाखापट्टणमचा कॅम्पस, तिथे त्यांच्या आयएमयू-सीईटी या प्रवेशपरीक्षेतून जाता येतं. महाराष्ट्रातल्या मुलांना यातलं काहीच घराजवळ नाही. मी कोचीला शिकले. पहिलं सेमिस्टर वर्गापेक्षा मेसच्या जाड्या लाल भातावर जास्त खर्ची पडलं, दुसऱ्यात मत्तीची, म्हणजे आपल्या तारलीची, आमटी आवडू लागली.

मेकॅनिकलची पदवी असेल तर एम.टेक.मधून या विषयात येता येतं. गेट परीक्षेत २०२२ पासून नेव्हल आर्किटेक्चर आणि मरीन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे.

मरीन इंजिनिअरिंगसाठी उलट आपण सुदैवी. आयएमयूचा मुंबई पोर्ट कॅम्पस शिवडीजवळ, तळेगावजवळ इंदुरीला तोलानी, लोणी काळभोरला मॅनेट, शिवाय लोणावळा आणि कर्जतच्या बाजूला जहाज कंपन्यांच्या अकादम्या. बी.टेक. चार वर्षांचं. बारावीला तीन विषयांत मिळून साठ टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत पन्नास, आणि आयएमयू-सीईटी. वयाची अट असते, त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाचा. मेकॅनिकल झालेल्यांसाठी साधारण वर्षभराचा जीएमई, म्हणजे पदवीधरांसाठीचा मरीन इंजिनिअरिंगचा, कोर्स आहे. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी ईटीओ, म्हणजे जहाजावरचा विजेचा अधिकारी. हा रस्ता लोकांना कमी ठाऊक आहे.

खासगी संस्थेत जाणार असाल तर एकच प्रश्न धरून बसा: स्पॉन्सरशिप कोणाची? म्हणजे कोर्स संपल्यावर शिकाऊ म्हणून जहाजावर कोणती कंपनी घेणार, आणि ते लेखी आहे का? इमारत किती चकचकीत, गणवेश किती पांढरा, याला काही अर्थ नाही. पदवी हातात आणि जहाज नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत. दोन-दोन वर्षं ती बेलापूर-सीवूड्सच्या ऑफिसांच्या पायऱ्या चढतात.

चौथी पायरी: डोळे आधी, पैसे नंतर

ही सगळ्यात लहान पायरी आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी. जहाजावर जायचं तर रंगांधळेपणा चालत नाही. डीजी शिपिंगनं (जहाज वाहतुकीचं केंद्र सरकारचं खातं) मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी असते, त्यातल्या एकाकडे प्रवेशाआधीच जाऊन तपासून घ्या. ठिपक्याठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायला लावतात. आपल्याला लाल-हिरव्यात गल्लत होते हे कित्येक मुलांना तिथेच पहिल्यांदा कळतं. झालंच तसं तर आखणीची वाट उघडी आहे. किनाऱ्यावरच्या डिझाइन ऑफिसात हा प्रश्न येत नाही.

पाचवी पायरी: कागद, आणि कागदांचे दलाल

समुद्रावर जाणाऱ्याला इंडोस क्रमांक (खलाशाच्या सरकारी नोंदीचा नंबर), सीडीसी नावाचं खलाशाचं पुस्तक, पासपोर्ट आणि सुरक्षेचे मूलभूत कोर्स लागतात: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, स्वतःची आणि जहाजाची सुरक्षा. याचं सगळं प्रशासन डीजी शिपिंगकडे. त्यांचं कार्यालय कांजूरमार्गला आहे, पण बहुतेक कामं आता ऑनलाइन होतात.

भरती करणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असावा लागतो. परवान्याचा क्रमांक विचारा आणि तो संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः शोधून बघा. फोटोवर विश्वास ठेवू नका. आणि नीट ऐका: नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला एजंटला परवानगी नाही. ‘डिपॉझिट’, ‘प्रोसेसिंग’, ‘वरच्या साहेबांचं’, नाव काहीही असो. आमच्या गावातल्या एका मुलाच्या वडिलांनी कलमांची बाग गहाण ठेवून पैसे दिले. मुलगा परदेशातल्या बंदरात अशा बोटीवर पोचला जिचं इंजिन वर्षभर चालू झालं नव्हतं. पगार नाही, पासपोर्ट दुसऱ्याकडे. परत आणायला सात महिने लागले. बाग अजून सुटलेली नाही.

सहावी पायरी: आखणाऱ्याची पहिली नोकरी

तीन प्रकारची दारं आहेत. जहाजबांधणीचे कारखाने: मुंबईचं माझगाव डॉक, वास्कोचं गोवा शिपयार्ड, कोचीन शिपयार्ड (२०२२ मध्ये नौदलात आलेली विक्रांत तिथलीच), कोलकात्याचं गार्डन रीच, विशाखापट्टणमचं हिंदुस्तान शिपयार्ड. हा शेवटचा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४१ मध्ये सिंदिया या जहाज कंपनीतून उभा केला. दुसरं दार क्लासिफिकेशन सोसायटीचं, म्हणजे जहाज नियमानुसार आहे की नाही ते तपासणाऱ्या संस्था. आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ ची, मुख्यालय पवईला. तिसरं दार डिझाइन ऑफिसांचं, लहान-मोठी, बरीचशी परदेशी कामं करणारी.

माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं कारखान्यातच काढा. पडद्यावर काढलेली रेघ म्हणजे कुणाला तरी पोटावर पडून, डोक्यावर वेल्डिंगची ठिणगी झेलत भरायचा सांधा असतो. एकदा त्या कप्प्यात स्वतः शिरून बघितलं की हात जाणार नाही असा कोपरा माणूस परत काढत नाही.

कारखान्यात शिकलेली दुसरी गोष्ट म्हणजे वजन. बाहेरच्यांना वाटतं नेव्हल आर्किटेक्ट सुंदर वळणं काढतो. काढतो, वर्षातून चार दिवस. बाकीचे दिवस तो वाण्यासारखा वजनं मांडत बसतो. प्रत्येक पत्रा, प्रत्येक पंप, प्रत्येक खुर्ची: किती किलो, तळापासून किती उंचीवर, मध्यापासून किती पुढे-मागे.

या वजनांची परीक्षा जहाज पाण्यात गेल्यावर होते, तिला इन्क्लायनिंग टेस्ट म्हणतात. माझ्या पहिल्या टगची टेस्ट पहाटे साडेपाचला होती, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. दोर सैल सोडले, नको ती माणसं खाली उतरवली, टाक्या एक तर काठोकाठ किंवा पूर्ण कोरड्या केल्या. इंजिनरूमच्या झरोक्यातून तीन मीटरचा ओळंबा सोडला. अगदी गवंड्याचा असतो तसाच, फक्त वजन तेलाच्या बादलीत बुडवलेलं, म्हणजे ते उगाच झुलत राहत नाही. मागे आडवी मोजपट्टी. मग दोन टनांचा लोखंडी ठोकळा डेकवर डावीकडून उजवीकडे सहा मीटर सरकवला. चारशे टनांचा टग किंचित कलला. ओळंबा पट्टीवर नव्वद मिलिमीटर सरकला.

आता गणित. तीन मीटरच्या ओळंब्यात नव्वद मिलिमीटर, म्हणजे कलाचं गुणोत्तर ०.०३. ठोकळ्याचे दोन टन गुणिले सहा मीटर, बारा. खाली चारशे गुणिले ०.०३, तेही बारा. उत्तर एक मीटर. या एक मीटरला जीएम म्हणतात. गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर नावाचा बिंदू (जहाज किंचित कललं की पाण्याच्या उचलीची रेघ जहाजाच्या मधल्या रेषेला जिथे छेदते तो) यांतलं हे अंतर. अंतर मोठं, तर जहाज झटक्यानं सरळ होतं. शून्याकडे आलं की पेल्यावरची पुडी आठवायची. प्रत्यक्षात ठोकळे अनेक असतात, दोन्ही बाजूंना हलवतात, ओळंबेही दोन-तीन लावतात. गाभा एवढाच.

जीएम ठीक आला. पण टग माझ्या हिशेबापेक्षा चौदा टन जास्त भरला. पाणी कुठवर चढलंय ते पुढे, मध्ये, मागे तीन वेळा वाचलं. चौदा टन. सगळे माझ्याकडे बघतायत, सूर्य वर येतोय. दुपारी फोरमन कदम मामांनी माझी वजनांची यादी चाळली आणि शांतपणे विचारलं, ‘ताई, केबला काय हवेत लटकतायत?’ विजेच्या केबल मी मांडल्याच नव्हत्या. वेल्डिंगच्या धातूचं वजन नव्हतं. रंगाचे थर नव्हते. बाथरूमच्या लाद्यांखालचं सिमेंट नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक यादीच्या वर मी आधी या चार ओळी लिहिते, मग बाकीचं.

सॉफ्टवेअरची काळजी फार करू नका. मॅक्ससर्फ, राइनो, ऑटोकॅड कॉलेजात भेटतात, बाकीचं ऑफिस शिकवतं. पण वरचं बारा भागिले बारा हातानं आलं पाहिजे. संगणकानं आठ मीटर जीएम दाखवला आणि तुम्हाला खटकलं नाही, तर कठीण आहे.

सातवी पायरी: चालवणाऱ्याची शिडी

इथे माझा भाऊ बोलतो, मी लिहून घेतलंय. शिकाऊ म्हणून साधारण सहा महिने समुद्रावर, मग एमईओ (मरीन इंजिनिअर ऑफिसर) क्लास फोरची लेखी आणि तोंडी परीक्षा, मग फोर्थ इंजिनिअर. पुढे थर्ड. क्लास टू झालं की सेकंड, क्लास वन झालं की चीफ. प्रत्येक टप्प्याला समुद्रावरचे ठरावीक महिने आणि परीक्षा. तोंडी परीक्षेत पाठांतर उघडं पडतं. ‘पंप पाणी ओढत नाहीये, काय बघशील?’ असं विचारतात आणि गप्प बसतात.

मोठ्या मालवाहू जहाजाचं मुख्य इंजिन तीन-चार मजली उंच असतं आणि मिनिटाला जेमतेम ऐंशी-शंभर फेरे घेतं. गिअरबॉक्स नाही, शाफ्ट सरळ पंख्याला जोडलेला. मागे जायचं तर इंजिनच उलटं फिरवायचं. सिलिंडर इतका रुंद की देखभालीच्या वेळी माणूस आत उभा राहतो. आजकाल बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये कोणी नसतं, अलार्म ड्यूटीवरच्याच्या खोलीत वाजतो. दादा घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस प्रेशर कुकरच्या शिट्टीला दचकून उठतो.

पैसा चांगला आहे, ते खोटं नाही. पण बहुतेकांना तो जहाजावर असलेल्या महिन्यांचाच मिळतो. घरी बसलेल्या महिन्यांचा हिशेब आधी मांडा, मग फ्लॅट बुक करा. आणि बहिणीच्या लग्नाला नसण्याची तयारी ठेवा. दादा माझ्या लग्नात मालदीवजवळून व्हिडिओवर होता, अंतरपाट दूर व्हायच्या नेमक्या क्षणी नेटवर्क गेलं.

मुलींनी विचारलं म्हणून सांगते: सोनाली बॅनर्जी १९९९ मध्ये भारताच्या पहिल्या महिला मरीन इंजिनिअर झाल्या, त्यानंतर वाट रुंदावली आहे. कारखान्यातही आता मुली आहेत. मी लागले तेव्हा धक्क्याजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, दहा मिनिटं चालत ऑफिसच्या इमारतीत जावं लागे. तक्रार तीनदा लेखी केली. चौथ्यांदा मी ते स्वच्छतागृह कारखान्याच्या नकाशावर रीतसर काढून, वजन-मापं घालून दिलं, तेव्हा झालं.

आठवी पायरी: येत्या वीस वर्षांचं काय शिकायचं

इंधन. १ जानेवारी २०२० पासून जगभरात जहाजाच्या इंधनातलं गंधक ०.५० टक्क्यावर आणलं गेलं, काही किनाऱ्यांलगत तर ०.१० वर. २०२३ पासून चालत्या जहाजांना कार्बनच्या हिशेबानुसार श्रेणी मिळते, आणि २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर जायचं असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं ठरवलंय. त्यामुळे मिथेनॉल, अमोनिया, एलएनजी (गार करून द्रव केलेला नैसर्गिक वायू), बॅटरी हे शब्द दोन्ही धंद्यांत रोज ऐकू येतात. मिथेनॉलला त्याच उर्जेसाठी डिझेलच्या दुपटीहून जास्त जागेची टाकी लागते, म्हणजे आखणाऱ्याचं डोकं खाणारं काम. अमोनिया विषारी, म्हणजे चालवणाऱ्याची जोखीम. कोची वॉटर मेट्रोच्या बॅटरीवरच्या बोटी जमल्यास एकदा बसून बघा. तिकीट स्वस्त आहे, आणि इंजिनाचा आवाज नसलेली बोट कशी वाटते ते वाचून कळत नाही.

पहिल्या दिवशी

कारखान्यात असो की जहाजावर, सोबत न्या: सेफ्टी शूज स्वतःच्या मापाचे (तिथले नेहमी दहा नंबरचे उरलेले असतात), छोटी टॉर्च, खडू, खिशात मावणारी वही. खडू कशाला ते तिसऱ्या दिवशी कळेल. सगळे कप्पे आतून सारखेच दिसतात.

आणि टाकीत किंवा बंद कप्प्यात कोणी सांगितलं म्हणून उतरू नका. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खातं, त्यामुळे महिनोन्‌महिने बंद असलेल्या कोरड्या, स्वच्छ दिसणाऱ्या टाकीतही माणूस दोन श्वासांत कोसळतो. मीटरवर प्राणवायू २०.९ टक्के दिसला पाहिजे, हवा खेळती पाहिजे, परवानगीचा कागद दारावर लावलेला पाहिजे, आणि तोंडाशी एक माणूस उभा पाहिजे. आत कोणी पडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी टाकायची नाही. अशा अपघातांत पुष्कळदा वाचवायला गेलेलाच जातो. जागेवरून हलायचं नाही, गळा फाटेस्तोवर ओरडायचं.